पडवीतले अभ्यासक

चिपळूण सोडून मुंबईच्या रस्त्याला लागलं, वाशिष्ठीचा पूल ओलांडला की परशुरामाचा घाट सुरू होतो. तिथल्या पेढे-परशुराम गावात ७ मे १८८० रोजी पांडुरंग वामन काणे यांचा जन्म झाला. धर्मशास्त्राचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पाच खंडांचा. पहिला खंड १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली. पानं साडेसहा हजारांच्या वर. पुढच्याच वर्षी भारतरत्न. चिपळूणकर ही गोष्ट पाहुण्याला आवर्जून सांगतो आणि त्यात काही गैर नाही. एकट्या माणसाने एवढं काम तडीस नेल्याची उदाहरणं कुठेही मोजकीच सापडतील.

याच रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे. भीमराव रामजी आंबेडकरांचं ते मूळ गाव. काण्यांहून ते अकरा वर्षांनी लहान. वर्ण कसे ठरले, शूद्र कोण, अस्पृश्यता कुठून आली, स्मृतींनी कोणाला काय नाकारलं, हे प्रश्न दोघांच्याही अभ्यासाचे. ग्रंथही बरेचसे तेच. पण एकाला संस्कृत वारशाने आलं आणि दुसऱ्याला शाळेत मागूनही मिळालं नाही.

या फरकातून पुढे काय काय घडलं, ते या पुस्तकात आहे. प्राच्यविद्या, इतिहास, समाजशास्त्र या विद्यांमध्ये काही समाज कायम ‘ज्यांच्याविषयी लिहायचं’ असे राहिले. त्यांचे देव, चालीरीती, बोली, नाकाची मापंसुद्धा नोंदली गेली. नोंदणारे दुसरे होते. मग त्याच समाजांतली माणसं वही घेऊन बसली, तेव्हा त्या विद्यांनी त्यांना कसं वागवलं आणि त्यांनी त्या विद्यांना काय दिलं? पहिला प्रश्न आजकाल थोडाफार विचारला जातो. दुसरा फारसा विचारला जात नाही. या प्रस्तावनेचा भर दुसऱ्यावर आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. दापोलीला इंग्रजी छावणी होती आणि फौजेतून निवृत्त झालेले पुष्कळ महार पेन्शनर तिथे स्थायिक झाले होते. ही माणसं लिहिणारी-वाचणारी होती. पलटणीच्या शाळेत शिकलेली, जग पाहिलेली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपली मुलं नगरपालिकेच्या शाळेत घ्यावीत म्हणून अर्ज केले. सरकारी धोरण कागदावर त्यांच्या बाजूचं होतं. पण गावच्या उच्चवर्णीय पालकांचा विरोध आडवा आला आणि तडजोड अशी निघाली, की मुलांनी पडवीत बसावं. म्हणजे शाळा मिळाली, वर्ग मिळाला नाही. गुरुजींचा आवाज ऐकू येईल तेवढं शिकायचं.

त्याच सुमाराला काण्यांचे वडील दापोलीत वकिली करत होते आणि पांडुरंग तिथल्या मिशन हायस्कुलात शिकत होता. सुभेदार रामजी सकपाळही फौजेतून निवृत्त झाल्यावर आधी दापोलीलाच आले. धनंजय कीरांच्या चरित्रानुसार भीमाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा तिथेच झाला. मग बिऱ्हाड साताऱ्याला गेलं. ज्या गावाने धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा इतिहासकार घडवला, त्याच गावात त्या धर्मशास्त्राचा सर्वांत कठोर परीक्षक पहिली अक्षरं शिकला. आपल्या स्थानिक इतिहासात या दोन गोष्टी वेगवेगळ्या कार्यक्रमांत सांगितल्या जातात. एकत्र क्वचितच.

दापोलीच्या या पेन्शनरांमध्ये एक अभ्यासकही होता. गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढूळचे. फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका काढली. तिच्यात सव्वीस प्रश्न आहेत, हिंदू समाजातल्या प्रतिष्ठितांना विचारलेले. गाऱ्हाणं मांडायचं असतं तर अर्ज पुरेसा होता. वलंगकरांनी विटाळाला आधार मागितला. तो नेमका कुठल्या ग्रंथाने सांगितला, कोणी लावला, एकाच्या स्पर्शाने विटाळ आणि दुसऱ्याच्या स्पर्शाने नाही, हे कशावरून? विद्यापीठातल्या संशोधकाने प्रबंधाच्या आरंभी जे प्रश्न मांडायचे, तेच हे प्रश्न. पण त्या वेळच्या कोणत्याही विद्वत्सभेने ते आपल्या विषयपत्रिकेवर घेतले नाहीत. पुढे याच वलंगकरांनी फौजेची बंद झालेली महारभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला, त्यातही इतिहासाचा आधार होता. आज त्यांचं नाव चळवळीच्या इतिहासात येतं, संशोधनाच्या इतिहासात येत नाही. ही वाटणी कोणी केली, हे विचारायला हवं.

वलंगकरांच्या आधीचे दोन मजकूर इथे सांगायला हवेत. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पाक्षिकात मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. वेद वाचण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांना असेल, तर वेदांवर उभा असलेला धर्म आमचा कसा, असा तिचा युक्तिवाद. हा दुःखाचा उद्गार आहेच, पण त्याचा सांगाडा तर्कशास्त्राचा आहे. गृहीतक समोरच्याचं, निष्कर्ष तिचा. दुसरा मजकूर चिपळूणला थेट भिडणारा. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त परशुरामाच्या कथेची चिकित्सा केली आणि परशुराम चिरंजीव आहे म्हणतात तर त्याने समोर यावं, अशी त्याच्या नावाने नोटीसच काढली. पुराणकथेकडे सत्तेच्या लढाईचा दस्तऐवज म्हणून पाहण्याची ही रीत पुढे विद्यापीठांत प्रतिष्ठित झाली. फुल्यांच्या वेळी ती वेडगळ ठरवली गेली. तेच पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं आहे. जोतीरावांना आपला विषय जगातल्या कुठल्या विषयाचा सख्खा भाऊ आहे, हे दीडशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

परशुरामाच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या गावाला हा वाद नवा नाही. जानेवारी २०१३ मध्ये शहाऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरलं, नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. त्याही वेळी निमंत्रणपत्रिकेवरच्या परशुरामावरून वादळ उठलंच. दोन्ही बाजूंनी पुष्कळ घोषणा झाल्या. ‘गुलामगिरी’तलं ते प्रकरण काढून कोणी वाचलं असतं, तर निदान वादाला पुस्तकाचं बूड मिळालं असतं.

आता विद्यापीठाकडे वळू. तिथे पहिला अडसर रंगाचा होता आणि तो ब्राह्मणांनाही सोसावा लागला, हे विसरता येत नाही. मुंबई इलाख्यात संस्कृतच्या खुर्च्यांवर हौग, ब्यूलर, कीलहॉर्न ही युरोपीय मंडळी होती. मालवणात १८३७ साली जन्मलेले, रत्नागिरीला शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. विद्वत्ता वादातीत. पण कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली आणि भांडारकर दुय्यम पदावर राहिले. पुढे १८८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांना त्यांच्या योग्यतेची जागा मिळाली. ज्या भाषेचं व्याकरण त्यांच्या जिभेवर होतं, ती शिकवायला ते दुय्यम का ठरले, याचं कारण कातडीखेरीज दुसरं सापडत नाही.

हा अन्याय एतद्देशीय विद्वानांच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी त्याच्यावर मात केली. १९१७ साली भांडारकरांच्या नावाने पुण्यात संशोधन मंदिर उभं राहिलं, काण्यांसारखे पंडित पुढे आले, गोऱ्यांची मक्तेदारी संपली. पण बाहेरचं दार उघडताना आतलं दार तसंच राहिलं. रंगाने अडवलं तर काय होतं हे ज्यांना पुरतं कळलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना जातीने अडवलेला मुलगा दिसलाच नाही.

तो मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात होता. थोरल्या भावाला संस्कृत घ्यायचं होतं, शिक्षकांनी नकार दिला. भीमरावांनाही तोच अनुभव आणि नाइलाजाने पर्शियन. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी पर्शियनचा कधी तिटकारा केला नाही, पण संस्कृत राहिल्याची रुखरुख मनातून गेली नाही. पंडितांच्या मदतीने, स्वतःच्या हिमतीवर ते जमेल तेवढं संस्कृत शिकले. १९४९ साली संस्कृत ही संघराज्याची राजभाषा व्हावी अशी दुरुस्ती घटना समितीत आली, तेव्हा तिच्या पाठीराख्यांत आंबेडकर होते. ज्याला वर्गाबाहेर ठेवलं, त्याने त्या भाषेचा द्वेष केला नाही. तिच्या नावावर उभ्या राहिलेल्या अधिकाराला मात्र त्याने उभ्या आयुष्यात सुट्टी दिली नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे बंद केलेला वर्ग. आणि तो बंद राहतो तो जातीबाहेर लग्न न करण्याने. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा त्यांनी या एका सूत्राने उलगडा केला. पुढच्या वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. जातीचं कुलूप स्त्रीच्या देहावर लावलेलं आहे, हे म्हणणं त्यात आहे. पण भारतीय विद्यापीठांतल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमांत हा निबंध कितीतरी दशकं आलाच नाही. आंबेडकर राज्यशास्त्रात घटनाकार म्हणून यायचे, समाजशास्त्रात यायचे नाहीत. पुण्याच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी पुढे या लेखनाला स्त्रीवादी अभ्यासाच्या मध्यभागी आणलं, तोवर शतक संपत आलं होतं.

अमेरिकेतून आलेल्या या विद्वानाला घरी काय मिळालं? १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य आपल्याला काय शिकवणार, म्हणून विद्यार्थ्यांनी आधी नाकं मुरडली. तासांमागून तास झाले तशी दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही व्याख्यानाला येऊन बसू लागली. वर्ग जिंकला गेला, प्राध्यापकांची खोली जिंकली गेली नाही. तिथे पिण्याच्या पाण्याचं भांडं होतं. त्याला आंबेडकरांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. हा तपशील नीट पाहावा. विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचे, त्यांचं मत एका सत्रात बदललं. सहकारी पदवीधर, पगारदार, ग्रंथ वाचलेले, त्यांचं बदललं नाही. शिक्षणाने माणूस आपोआप उदार होतो ही समजूत या एका भांड्यापाशी गळून पडते.

तरीही मला आग्रहाने सांगायचं आहे ते वेगळंच. आंबेडकरांच्या आयुष्यातले अपमान आपल्याला तोंडपाठ आहेत: सातारची शाळा, बडोद्यातला मुक्काम, हे पाण्याचं भांडं. त्यांचे निष्कर्ष किती जणांना पाठ आहेत? १९४६ साली त्यांनी ‘शूद्र कोण होते’ हे पुस्तक लिहिलं आणि जोतीराव फुल्यांना अर्पण केलं. प्रस्तावनेत त्यांनी टीकाकारांचा पहिला आक्षेप आधीच उचलला. संस्कृतवर प्रभुत्वाचा आपला दावा नाही, पण इंग्रजीतून उपलब्ध असलेल्या या साहित्याचा पंधरा वर्षं अभ्यास केला आहे आणि तेवढा अधिकार या कामाला पुरे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ज्याला भाषा शिकू दिली नाही, त्यालाच ती येत नाही म्हणून बाद ठरवायचं, हा डाव त्यांनी ओळखला होता.

आणि त्यांच्या अभ्यासाची पद्धत पाहा. फुले आणि वलंगकर दोघांनीही शूद्रातिशूद्रांना आर्यांनी जिंकलेले अनार्य मानलं होतं. आंबेडकरांनी ते नाकारलं. ज्यांना गुरू मानलं, ज्यांना पुस्तक अर्पण केलं, त्यांचाच सिद्धांत पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही असं त्यांनी लिहिलं. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या ग्रंथात त्यांनी वंशाच्या प्रश्नावर डोक्याची-नाकाची मापं घेतली ती गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या आकडेवारीतून. घुर्येही मालवणचे, मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्राचे प्रमुख. त्या मापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश ठरत नाहीत, हा आंबेडकरांचा निष्कर्ष. त्याच ग्रंथात गोमांसभक्षणाच्या चर्चेला त्यांनी काण्यांच्या मराठी ‘धर्मशास्त्रविचारा’चा आधार घेतला. म्हणजे पेढे-परशुरामच्या पंडिताचं वाक्य आंबडव्याच्या पंडिताच्या युक्तिवादात जाऊन बसलं आणि त्याने तिथे असं काम केलं, जे मूळ लेखकाने त्याला सांगितलं नव्हतं. पोथी तीच, वाचणारा बदलला की प्रश्न बदलतो. काणे विचारतात, शास्त्राने काय सांगितलं आणि ते कसकसं बदलत गेलं. आंबेडकर विचारतात, हे सांगण्यात कोणाचा काय फायदा होता. दुसरा प्रश्न पहिल्यावाचून विचारता येत नाही, हे खरं. पण पहिल्या प्रश्नाच्या साडेसहा हजार पानांतून दुसरा आपोआप उगवत नाही, हेही तितकंच खरं. प्राच्यविद्येने एका समाजाला बाहेर ठेवलं तेव्हा तिने हा प्रश्नही बाहेर ठेवला. नुकसान दुहेरी झालं.

जगात इतरत्रही हेच दिसतं. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस १८९५ साली हार्वर्डमधून पीएच.डी. झाले, तिथे ती पदवी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करायला बोलावलं, पण पद दिलं ते सहायक अध्यापकाचं आणि शिकवायला वर्ग दिला नाही. त्यांनी घरोघर फिरून माहिती गोळा केली. १८९९ साली निघालेलं ते पुस्तक आज शहरी समाजशास्त्राचा पाया मानलं जातं. त्या काळच्या समाजशास्त्राने मात्र त्याच्याकडे काणाडोळा केला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज जाणार असल्याचं १९४६ साली आंबेडकरांना कळलं, तेव्हा त्यांनी या द्यू बॉइसना पत्र लिहून अर्जाची प्रत मागितली. आपण तुमच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, तुमची आणि अस्पृश्यांची स्थिती फार मिळतीजुळती आहे, असं त्यांनी कळवलं. द्यू बॉइसनी आस्थेने उत्तर दिलं. दोन पडव्यांमधला हा पत्रव्यवहार आहे.

अशा अभ्यासाचा उपयोग काय, हे चिपळूणने प्रत्यक्ष पाहिलं आहे. १९२९ च्या एप्रिलमध्ये आंबेडकर चिपळूणला आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहिष्कृतांच्या परिषदेचे आणि पाठोपाठ शेतकरी परिषदेचे ते अध्यक्ष होते. दुसऱ्या परिषदेत विषय होता खोतीचा. कोकणात खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला. सारा भरायचा थोडा, कुळाकडून घ्यायचा जास्त, वर वेठ. त्या कुळांत महार होते, कुणबी होते, मुसलमान होते. समोर बसलेल्या कुळांशी बोलणारा माणूस लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर १९१८ सालीच शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केलेला अर्थशास्त्रज्ञ होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्याने खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधानसभेत मांडलं. पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधानसभेवर गेला. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावर आज जी नावं आहेत, त्यांच्यामागे ही कहाणी आहे. अभ्यासकाची जात पाहून ज्यांनी तोंड फिरवलं, त्यांच्या शेजाऱ्यांच्या जमिनी त्या अभ्यासाने सोडवल्या.

संस्कृतच्या वर्गाचं दार पुढे उघडलं, पण आतली हवा लगेच बदलली नाही. याची सर्वांत बोलकी साक्ष कुमुद पावडे यांची. नागपूरच्या, पूर्वास्पृश्य घरातल्या. शाळेत गोखले गुरुजींनी त्यांना मनापासून संस्कृत शिकवलं. सोवळ्यातले, पण शिकवताना हात आखडता न घेणारे. कुमुदताई एम.ए. झाल्या. मग नोकरीसाठी मुलाखती सुरू झाल्या आणि पदवी हातात असून दारं लागत गेली. त्यांनी थेट जगजीवनराम यांना पत्र घातलं. अखेर सरकारी महाविद्यालयात नेमणूक झाली ती आंतरजातीय लग्नानंतर. १९८१ च्या ‘अंतःस्फोट’मध्ये त्यांनी आपल्या संस्कृतची गोष्ट सांगितली आहे, आणि तिच्यातलं सर्वांत बोचरं निरीक्षण हेच: नोकरी कुमुद सोमकुवरला मिळाली नाही, कुमुद पावडेला मिळाली. ज्ञान तेच होतं. आडनाव बदललं होतं.

त्याच कथनातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: कौतुक. दलित बाई संस्कृत शिकवते, केवढं नवल! सत्कार होतात, हार पडतात. प्रत्येक हाराबरोबर हे सांगितलं जातं, की मुळात हे तुमचं काम नव्हे. तिच्या कालिदासाविषयीच्या मताला कोणी हरकत घेत नाही, कारण ते मत ऐकायला कोणी आलेलंच नसतं. अपमान ओळखता येतो, त्याच्यावर तक्रार करता येते. कौतुकावर तक्रार कशी करणार?

दार बाईलाही बंद होतं. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. त्यांच्याच मुलीला, रमाबाईंना, १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. रमाबाईंनी त्या विद्येचा उपयोग हिंदू स्त्रीची स्थिती उघड करायला केला, तेव्हा कौतुकाचा सूर झपाट्याने ओसरला. विद्वत्ता मान्य, तिने काढलेला निष्कर्ष अमान्य. अनेकांच्या वाट्याला आलेला हा व्यवहार.

या पुस्तकात पुढे येणारी आणखी काही नावं विद्यापीठाच्या कडेकडेने काम करणाऱ्यांची आहेत. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला तुलनात्मक धर्माचा अभ्यास करून आले आणि देशभर हिंडून १९३३ साली त्यांनी ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ लिहिला. धुळ्याचे शरद पाटील पूर्णवेळ राजकीय कार्यकर्ते. दास-शूद्रांच्या गुलामगिरीचा इतिहास लिहायचा म्हणून पाणिनीपाशी जाऊन बसले. साताऱ्याचे आ. ह. साळुंखे महाविद्यालयात संस्कृत शिकवत शिकवत चार्वाकाला आस्तिकशिरोमणी म्हणून उभं करून गेले. यांच्यापैकी कोणाचंही म्हणणं जसंच्या तसं स्वीकारावं असा आग्रह नाही. पाटलांचे काही शब्दव्युत्पत्तीचे आधार तज्ज्ञांनी तपासावेत असेच आहेत. पण तपासायला आधी वाचावं लागतं.

२००२ साली गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक लेख लिहिला आणि भारतातल्या समाजविज्ञानांना आरसा दाखवला. या विद्यांमध्ये सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र अशी वर्णव्यवस्था आहे, हा त्यांचा ठपका. दलित अभ्यासकाने अनुभव सांगावा, आकडे आणावेत, मुलाखती घ्याव्यात. त्यांचा अर्थ मात्र दुसरा कोणी लावील. दलितांनीही कवितेवर, आत्मकथनावर समाधान मानू नये, सिद्धांताच्या प्रांतात शिरावं, असं त्यांनी बजावलं. लेखावर वाद झाला, पुढे त्यांनी सुंदर सारुक्काई यांच्याबरोबर या विषयावर पुस्तकच लिहिलं. मराठी वाचकाला हे जास्त लागू पडतं. आपण दलित आत्मकथनं डोक्यावर घेतली, अभ्यासक्रमात लावली, त्यांच्यावर पीएच.डी.च्या राशी घातल्या. दलित विचारवंताचा सिद्धांत डोक्यावर घेतल्याची उदाहरणं किती? आत्मकथन वाचताना आपण हळहळतो, आणि हळहळणाऱ्याला स्वतःचं काही बदलावं लागत नाही. सिद्धांत मान्य करायचा तर आपलं काहीतरी खोडावं लागतं.

आजची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण ती वाचकांना ठाऊक आहे. बिंदुनामावली मंजूर होऊन जाहिरात निघते, राखीव जागेसमोर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा पडतो, जागा पुढच्या वर्षावर जाते. तोवर नेट-सेट झालेला मुलगा तासिका तत्त्वावर तीन गावांतल्या तीन कॉलेजांत एसटीने फिरतो. मुलाखतीत विषयाआधी गाव विचारलं जातं, गावावरून कळलं नाही तर पूर्ण नाव. गाइड मिळतो तो बहुधा एकाच सल्ल्यासह: तुम्ही तुमच्या समाजावर काम करा ना, तुम्हाला सोपं जाईल. कोकणातल्या बंदरांच्या व्यापारावर किंवा मीमांसेवर काम करायची इच्छा असलेल्या मुलीने ती इच्छा गिळायची. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाचा अहवाल २००७ साली दिला, विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेविषयीचे नियम २०१२ साली काढले. नियम हवेतच. पण मघाचा ‘तुमच्या समाजावर’ हा सल्ला कुठल्याच नियमात बसत नाही, कारण देणारा तो आपुलकीने देतो.

म्हणून या पुस्तकाचं वाचन कसं व्हावं याविषयी एक विनंती. यातल्या प्रत्येक टिपणात सोसलेल्याचा भाग आहे, तो वगळता येणार नाही आणि वगळूही नये. पण पान उलटताना दर वेळी एक प्रश्न वहीत लिहावा: या माणसाचं म्हणणं काय होतं? वलंगकरांचे प्रश्न कोणते, जातीची आंबेडकरांनी केलेली व्याख्या कोणती, घुर्यांची आकडेवारी त्यांनी कशी वापरली, शिंद्यांचं आणि आंबेडकरांचं कुठे पटत नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २२ जुलै २०२१ च्या पुराने त्याचीही पुस्तकं भिजवली. गावाने ती पुन्हा जमवायला घेतली. त्या कपाटांत काणे आणि आंबेडकर एका फळीवर ठेवावेत, आणि वाचणाऱ्याने दोघांनाही तेच प्रश्न विचारावेत: पुरावा काय, निष्कर्ष त्यातून निघतो का, कोणता पुरावा नजरेआड केला?

आंबेडकरांच्या वंशविषयक मतावर आज जनुकशास्त्राच्या आधारे हरकत घेता येते, आणि कोणी अभ्यास करून ती घेतली, तर ती या पुस्तकाला मिळालेली सर्वांत मोठी दाद ठरेल. फुल्यांचं म्हणणं खोडताना आंबेडकरांनी फुल्यांचा जो आदर केला, तोच आदर त्यांनाही मिळायला हवा. हात जोडून झाले असतील तर आता पुस्तक उघडा आणि त्यांच्याशी भांडा. अभ्यासकाला अभ्यासकासारखं वागवायचं ते असंच.